काट्याभोवती जमलेल्या पेशी

बोटात काटा मोडला आणि तो वेळेवर निघाला नाही, तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बोट ठणकायला लागतं. जागा लाल होते, सुजते, हाताला गरम लागते आणि मग पिकते. आमच्या घरी अशा वेळी दादी कांदा भाजून, त्यात हळद कालवून पोटीस बांधायची. ‘पिकू दे, पू निघून गेला की मोकळं वाटेल,’ असं म्हणायची. तुमच्याही घरी कुणीतरी हेच केलं असणार. पू हा इतका ओळखीचा आणि इतका नकोसा पदार्थ आहे, की तो येतो कुठून हे विचारायच्या भानगडीत आपण पडत नाही. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या काही मंडळींना मात्र हा प्रश्न पडला. त्या एका प्रश्नापायी विद्वानांत जी भांडणं झाली, ती वर्षानुवर्षं चालली.

मी शास्त्रज्ञ नव्हे. साधा बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. पण इतिहासाची आवड आहे, आणि विज्ञानाचा इतिहास वाचताना माणसं भेटतात म्हणून तो मला जवळचा वाटतो. ह्या पुवाच्या गोष्टीतही माणसं आहेत, आणि ती चांगली हट्टी आहेत.

सुरुवात बेडकापासून होते. 1867 साली बर्लिनमध्ये युलियस कोनहाइम नावाच्या तरुण डॉक्टरने जिवंत बेडकाच्या आतड्याजवळचा पातळ, काचेसारखा पारदर्शक पडदा ताणून सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि तो तासन्‌तास बघत बसला. रक्तवाहिनीतून तांबड्या पेशी सरसर वाहत होत्या. पांढऱ्या पेशी मात्र हळूहळू मंदावल्या, वाहिनीच्या भिंतीला चिकटल्या आणि ती भिंत कुठेही न फुटता तिच्यातून अंग चोरून बाहेर पडल्या. बाहेर साचलेला हा पेशींचा जमाव म्हणजेच पू. कोनहाइमचे गुरू रुडॉल्फ फिरखॉव म्हणजे त्या काळचे वैद्यकातले सम्राट. त्यांचं मत असं होतं, की पुवातल्या पेशी जागच्या जागीच, तिथल्या मांसातून जन्माला येतात. शिष्याने दाखवलं, की त्या रक्तातून येतात. लंडनच्या ऑगस्टस वॉलर यांना हेच दृश्य 1846 सालीच दिसलं होतं, पण त्यांच्याकडे फारसं कुणी लक्ष दिलं नव्हतं.

पेशी रक्तातून येतात हे कळलं. पण का येतात? त्या वेळचं उत्तर साधं होतं. दाह झाला की वाहिन्यांच्या भिंती सैल पडतात आणि आतला माल गळतो. ह्या उत्तरात पांढरी पेशी बिचारी गळक्या नळातल्या पाण्यासारखी. तिला स्वतःचं काही चालणं नाही, काही हेतू नाही. उलट पुष्कळ डॉक्टर तिच्यावर संशय घेत होते. पांढऱ्या पेशींच्या पोटात जंतू दिसायचे. त्यावरून त्यांनी निष्कर्ष काढला, की जंतूंना ह्या पेशी आसरा देतात आणि अंगभर हिंडवतात. चोराच्या घरात पोलीस दिसावा आणि आपण त्यालाच चोराचा साथीदार ठरवावं, तसा प्रकार.

हा आळ दूर करणारा माणूस डॉक्टर नव्हता. इल्या मेचनिकॉव्ह हा प्राणिशास्त्रज्ञ. जन्म 1845 सालचा, खारकिवजवळचा. स्वभाव कमालीचा तापट आणि खचणारा. पहिली बायको क्षयाने गेली, तेव्हा त्याने मॉर्फिन घेऊन जीव द्यायचा प्रयत्न केला होता. दुसरी पत्नी ओल्गा विषमज्वराने अंथरुणाला खिळली, त्यानंतर त्याने उलटून येणाऱ्या एका तापाचे जंतू स्वतःला टोचून घेतले. दोन्ही वेळा तो वाचला. ओडेसाच्या विद्यापीठातल्या राजकारणाला कंटाळून 1882 साली त्याने राजीनामा दिला आणि तो कुटुंबासह सिसिली बेटावरच्या मेसिना गावी समुद्राकाठी जाऊन राहिला.

पुढची गोष्ट त्याने स्वतःच लिहून ठेवली आहे. घरची सगळी मंडळी सर्कशीतली माकडं बघायला गेली होती. हा एकटा सूक्ष्मदर्शकापाशी. समोर तारामाशाची अळी. अंग एवढं पारदर्शक, की आत फिरणाऱ्या पेशी सरळ दिसाव्यात. त्याच्या मनात आलं, की ह्या हिंडणाऱ्या पेशी शरीराचं रक्षण करत असतील, तर अळीच्या अंगात काही टोचल्यावर त्या तिथे धावून यायला हव्यात. तो बागेत गेला, गुलाबाचे काही काटे तोडून आणले आणि अळ्यांच्या कातडीखाली सरकवले. रात्रभर त्याला झोप लागली नाही. पहाटे उठून बघतो, तर काट्याभोवती पेशींचा गराडा पडला होता. आणि हे लक्षात घ्या, की त्या अळीला रक्तवाहिन्याच नसतात. गळायला नळच नाही, तर गळणार काय? पेशी आपल्या पायांनी चालत आल्या होत्या. म्हणजे पाय नसलेल्या पेशी जशा चालतात तशा. अंगाचा एक भाग पुढे लांबवायचा आणि उरलेलं अंग मागून ओढून घ्यायचं.

पुढे त्याने ह्या पेशींना ‘फॅगोसाइट’ म्हणजे भक्षक पेशी असं नाव दिलं. जर्मन पंडितांना ते पटलं नाही. जीवनाच्या रक्षणाचं काम रक्तातल्या द्रवाचं आहे, असा त्यांचा आग्रह. 1887 साली मेचनिकॉव्ह बर्लिनला रॉबर्ट कॉख यांना आपल्या काचपट्ट्या दाखवायला गेला, तेव्हा त्याचं स्वागत थंडपणे झालं. पॅरिसमध्ये लुई पाश्चर यांनी मात्र त्याला जागा दिली. 1888 साली तो पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये गेला आणि 1916 मध्ये मरेपर्यंत तिथेच राहिला. 1908 चं नोबेल पारितोषिक त्याला आणि द्रवपक्षाच्या पॉल एरलिख यांना मिळून देण्यात आलं. नोबेल समितीने तडजोड केली असं कुणी म्हणेल. पण दोन्ही बाजू खऱ्या होत्या हे आज आपल्याला माहीत आहे.

आता काट्याची गोष्ट सगळ्यांना आवडते, मलाही आवडते. पण माझ्या मते ह्या इतिहासातला खरा वळणाचा दगड दुसरीकडेच आहे, आणि त्याचं नाव फारसं कुणी घेत नाही. पेशी चालत येते हे ठीक. तिला पत्ता कोण सांगतं?

गटिंगेन गावात टेओडोर लेबर नावाचे डोळ्यांचे डॉक्टर होते. डोळ्याच्या पुढचा जो पारदर्शक पडदा असतो, बुबुळावरची काच म्हणा ना, त्यात रक्तवाहिन्या नसतात. सशाच्या डोळ्यातल्या ह्या काचेच्या मध्यभागी लेबर यांनी बुरशी आणि जंतू टोचून पाहिले. पांढऱ्या पेशी काठावरच्या वाहिन्यांतून निघाल्या आणि स्वच्छ, मोकळ्या काचेतून चालत नेमक्या त्या जागेकडे गेल्या. म्हणजे मधलं अंतर ओलांडून कसला तरी निरोप काठापर्यंत पोचत होता. मग लेबर यांनी आणखी एक पाऊल टाकलं. पू करणारा जो सोनेरी रंगाचा जंतू आहे, स्टॅफिलोकॉकस, त्याच्या वाढीतून त्यांनी एक स्फटिकासारखा पदार्थ वेगळा काढला आणि त्याला ‘फ्लोगोसिन’ असं नाव दिलं. हा पदार्थ केसासारख्या बारीक काचनळीत भरून डोळ्यात ठेवला, की पांढऱ्या पेशी नळीच्या तोंडातून आत शिरत. जिवंत जंतू तिथे एकही नव्हता. होता तो फक्त जंतूच्या अंगातला एक तुकडा. 1888 साली हे प्रसिद्ध झालं.

नळीची युक्ती वनस्पतिशास्त्रातली. व्हिल्हेल्म फेफर यांनी 1884 साली नेच्याच्या पुंबीजांना काचनळीतल्या सफरचंदी आम्लाकडे पोहत जाताना पाहिलं होतं. रसायनाच्या ओढीने होणाऱ्या ह्या हालचालीला ‘केमोटॅक्सिस’ म्हणतात. शब्द अवघड आहे. आपण आपला ‘वास लागणं’ असा साधा शब्द वापरू. पेशीला नाक नसतं हे मला कळतं. पण आमच्या उर्दू शायरीत प्रियेच्या गल्लीतून वारा सुगंध घेऊन येतो आणि आशिक त्या दिशेने चालू लागतो; त्या वाऱ्यालाही कुणी पुरावा मागत नाही.

चार वर्षांनी, 1892 साली, कॉख यांच्याच संस्थेत रिचर्ड फायफर यांनी पटकीच्या जंतूंबद्दल एक चमत्कारिक गोष्ट दाखवली. हे जंतू उष्णतेने मारून टाकले, तरी ते टोचलेली गिनिपिग मरत. विष जंतूच्या अंगातच होतं, त्याच्या कवचात. त्याला ‘एंडोटॉक्सिन’, म्हणजे अंतर्विष म्हणतात. पुढे कळलं, की हा स्निग्ध पदार्थ आणि साखर यांचा जोड रेणू आहे. थोडा असला तर शरीर सावध होतं, पेशी कामाला लागतात. फार झाला तर ताप, धक्का, मृत्यू. म्हणजे जंतूचे तुकडे पेशींना नुसते बोलावत नाहीत, तर कधी कधी त्यांना वेडंही करतात. रक्तात जंतू फार माजले, की ह्या पेशी दिशा विसरून फुफ्फुसांतल्या बारीक वाहिन्यांत अडकून बसतात आणि जिथे जायचं तिथे पोचतच नाहीत.

त्यानंतरची साठ-सत्तर वर्षं मी भराभर ओलांडतो, कारण ह्या प्रश्नावर त्या काळात निरीक्षणं झाली, पण मोजमाप करायचं साधन नव्हतं. 1950 च्या दशकात अमेरिकेत व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या डेव्हिड रॉजर्स यांनी एक छोटी फिल्म घेतली. एक पांढरी पेशी तांबड्या पेशींच्या गर्दीतून एका जंतूचा पाठलाग करते. जंतू डावीकडे सरकला की ही डावीकडे, उजवीकडे सरकला की उजवीकडे. वाटेत तांबड्या पेशी ढकलते, वाकते, वळते आणि शेवटी त्याला गिळते. आज इंटरनेटवर कुणालाही ती पाहता येते. पाहाच. ज्याने ती पाहिली, त्याला ‘पेशी गळते’ हे वाक्य पुन्हा उच्चारवणार नाही.

1962 साली ऑस्ट्रेलियात कॅनबेराला स्टीफन बॉयडेन यांनी साधन दिलं. एका डबीचे वर-खाली दोन कप्पे, मध्ये बारीक भोकांची गाळणी. वर पेशी, खाली संशयित पदार्थ. काही तासांनी गाळणीत किती पेशी उतरल्या ते मोजायचं. मेचनिकॉव्हचा काटा आता मोजपट्टीला आला. जंतू वाढवून काढून घेतलेलं नुसतं पाणी खाली ठेवलं, तरी पेशी उतरत होत्या. प्रश्न उरला तो एकच. त्या पाण्यातला नेमका कोणता घटक?

उत्तर 1975 साली आलं आणि ते फार सुंदर आहे. प्रथिनं म्हणजे अमिनो आम्लांच्या माळा. आपल्या पेशी जी माळ ओवतात, तिचा पहिला मणी मेथिओनिन. जंतूही तोच मणी आधी घेतात, पण त्याला फॉर्मिल नावाचा एक छोटासा गोंडा लावतात. केंब्रिजमध्ये मार्कर आणि सँगर यांनी 1964 साली हा गोंडा ओळखला होता. अमेरिकेतल्या एलियट शिफमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तर्क केला, की हा गोंडाच जंतूची ओळख असेल. त्यांनी गोंडा लावलेल्या दोन-तीन मण्यांच्या छोट्या माळा वापरून पाहिल्या. पेशी धावल्या. गोंडा काढला, की ओढ जवळजवळ संपली. अगदी विरळ द्रावणातही ही हाक पोचते.

पेशीच्या अंगावर ह्या गोंड्यासाठी हजारो ग्राहक रेणू पसरलेले असतात. ज्या बाजूला गोंडे जास्त, त्या बाजूचे ग्राहक जास्त भरतात आणि त्या बाजूला पेशीच्या आतला तंतूंचा सांगाडा वाढू लागतो. तेच तोंड, तीच दिशा. सॅली झिगमंड यांनी 1977 मध्ये दाखवलं, की पेशीच्या पुढच्या आणि मागच्या टोकाला असलेल्या प्रमाणात शंभरात एकाचा फरक असला तरी तिला तो कळतो. पेशीची लांबी किती? मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहून किंचित जास्त.

ह्या चालीची किंमत काय, हे ती बंद पडल्यावर कळतं. काही बाळं अशी जन्मतात, की त्यांची नाळ आठवडेच्या आठवडे गळून पडत नाही. मग संसर्ग सुरू होतात, हिरड्या सडतात, जखमा भरत नाहीत. 1979 साली डॉक्टरांनी अशा बाळांची नोंद केली. रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी भरपूर, नेहमीपेक्षा कितीतरी जास्त. पण जखमेत पू नाही. पेशींच्या अंगावर वाहिनीच्या भिंतीला घट्ट धरणारा एक रेणूच नव्हता, असं पुढच्या दशकात कळलं. हाक ऐकू येत होती, पण गाडीतून उतरता येत नव्हतं. अशा बाळांना दुसऱ्याच्या अस्थिमज्जेचं रोपण हाच मोठा आधार. दादीच्या ‘पिकू दे’मध्ये काय दडलेलं होतं, ते इथे समजतं.

ह्या हाकेची एक दुसरी बाजूही आहे. आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या तंतुकणिका असतात. त्या फार पूर्वी स्वतंत्र जंतू होत्या आणि मग आपल्या पूर्वजांच्या पेशींत भाडेकरू म्हणून कायमच्या राहिल्या, हे मत लिन मार्ग्युलिस यांनी 1967 साली मांडलं. आज ते सर्वमान्य आहे. भाडेकरूने घर बदललं, पण सवय सोडली नाही. तंतुकणिका आजही आपल्या माळेला तोच गोंडा लावतात. 2010 साली बोस्टनच्या संशोधकांनी दाखवलं, की मोठ्या अपघातात शरीर चिरडलं, की फुटलेल्या पेशींतून हे तुकडे रक्तात येतात आणि पांढऱ्या पेशी जंतू समजून उठतात. जंतू एकही नसताना ताप येतो, फुफ्फुसं निकामी होऊ लागतात. घरातल्याच माणसाच्या अंगाला परक्याचा वास यावा आणि पहारेकऱ्यांनी घरावरच चाल करून जावं. योगायोग असा, की ज्या लेबर यांनी जंतूच्या तुकड्याची हाक आधी ओळखली, त्यांच्याच नावाने एक आनुवंशिक अंधत्व ओळखलं जातं. त्यांनी त्याचं वर्णन 1871 मध्ये केलं, आणि 1988 मध्ये त्याचं मूळ सापडलं ते तंतुकणिकांतच.

ह्या गोष्टीचा एक धागा थेट मुंबईत येतो. ओडेसाला मेचनिकॉव्हच्या हाताखाली शिकलेला एक विद्यार्थी गुरूच्या मागोमाग पॅरिसला गेला आणि पाश्चर इन्स्टिट्यूटच्या ग्रंथालयात कामाला लागला. त्याचं नाव वाल्देमार हाफकिन. 1896 च्या सप्टेंबरात मांडवीत मूळ गोव्याचे डॉक्टर अकासियो व्हिएगश यांनी प्लेग ओळखला, आणि काही दिवसांतच सरकारने कलकत्त्याहून हाफकिनला बोलावून घेतलं. त्याने ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका खोलीत काम सुरू केलं. प्लेगचे जंतू वाढवायला त्याने मांसाच्या अळणीवर तूप सोडलं. तुपाच्या थेंबांखाली जंतू झुंबरासारखे लोंबत वाढत. मग ते उष्णतेने मारायचे आणि टोचायचे. 10 जानेवारी 1897 रोजी त्याने ती लस आधी स्वतःला टोचून घेतली. ताप चढला, हात दुखू लागला. मेलेल्या जंतूंच्या तुकड्यांनी बोलावलेल्या पेशी तिथे जमल्या होत्या. नंतर भायखळ्याच्या तुरुंगातल्या स्वयंसेवक कैद्यांवर चाचणी झाली.

लोक घाबरले होते, अफवा होत्या. अशा वेळी ऐन विशीच्या उंबरठ्यावर असलेल्या आगाखानांनी चारचौघांत लस टोचून घेतली, आपल्या खोजा समाजाला पुढे केलं आणि हाफकिनला प्रयोगशाळेसाठी आपली खुश्रू लॉज ही इमारत दिली. तरुणाने लोकांच्या भीतीवर केलेला हा सर्वांत चांगला उपाय होता, असं माझं मत आहे. 1899 साली प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. तीच आजची हाफकिन इन्स्टिट्यूट. तोवर पुण्यात रोग्यांची सेवा करताना 10 मार्च 1897 रोजी सावित्रीबाई फुले प्लेगनेच गेल्या होत्या.

प्लेग इतक्या झपाट्याने माणूस का नेतो? काट्याने पिकणारं बोट आपल्याला ओरडून सांगतं. प्लेग सुरुवातीला गप्प असतो, आणि हे गप्प राहणं त्याने साधलेलं आहे. त्याचा जंतू पिसवेच्या थंड अंगात असतो, तेव्हा त्याच्या कवचावरच्या अंतर्विषाला सहा स्निग्ध शेपट्या असतात, आणि अशा अंतर्विषाची आपल्या पेशींना लगेच चाहूल लागते. पण माणसाच्या 37 अंशांच्या उबेत शिरला, की तो चार शेपट्यांचं अंतर्विष तयार करतो, आणि ते पेशींच्या पहारेकऱ्याला जवळजवळ जाणवतच नाही. शिवाय पांढरी पेशी जवळ आलीच, तर सुईसारख्या नळीतून तो तिच्यात अशी प्रथिनं टोचतो, की तिला गिळताही येत नाही. उंदरांच्या फुफ्फुसांत हे पाहिलेलं आहे: पहिला दीड दिवस जवळपास शांतता, जंतू बेसुमार वाढताहेत, पेशी नाहीत. मग एकदम पूर लोटतो, आणि तोवर फुफ्फुसं पेशींनीच बुजतात.

2006 साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या संशोधकांनी प्लेगच्या जंतूत दुसऱ्या जंतूचं एक जनुक घातलं. त्यामुळे माणसाच्या उबेतही त्याला सहा शेपट्यांचं कवच ठेवणं भाग पडलं. बाकी त्याची सगळी हत्यारं जागच्या जागी होती. हा जंतू उंदरांच्या कातडीखाली टोचला, तेव्हा त्यांच्या पेशींना वेळेवर चाहूल लागली आणि उंदीर जगले. नंतर त्याच उंदरांना खरा प्लेग टोचला, तोही त्यांनी पचवला.